दिवाणची गोळी

दि. ९ सप्टेंबर

मालकीणबाई,

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल माफी असावी. तू जाऊन महिना होत आला आणि मी आज कागद घेऊन बसलोय. आधी चष्म्याची काडी मोडली होती. ती दाभणाने भोक पाडून दोऱ्याने बांधली, आता जग जरा तिरपं दिसतं, पण दिसतं. मग तिथला पत्ता सापडेना. आणि खरं सांगायचं तर रोज वाटायचं, आज तू फोनवर येशील. दर वेळी मुलगी फोन उचलते आणि म्हणते, आई आत्ताच खाली गेली. एवढी खाली जातेस तर तिथेच एक खुर्ची टाकून बसत जा, जिने चढून गुडघे दुखतील. शिवाय मागे जावयांचं खाकरणं ऐकू येतं. म्हणजे मी इकडे बोलायचं आणि तिकडे सगळ्या घराने ऐकायचं. म्हणून पत्र. तुझ्याआधी हे कुणी फोडलं असेल तर त्यांना माझा नमस्कार, आणि पाकीट परत नीट चिकटवावं.

मुलीची पाठ आता बरी असेल. ऑपरेशन झालं की पंधरा दिवसांत येते, असं म्हणून गेली होतीस.

दिवाण आहे. म्हणजे तू गेलीस तेव्हा होता तसाच, फरशीवर पसरलेला. प्राण्यांच्या संस्थेच्या बाई म्हणाल्या होत्या, तात्पुरता सांभाळा, कुणी कायमचं नेईपर्यंत. म्हाताऱ्या, बहिऱ्या, पाठीवरचे केस झडलेल्या कुत्र्याला कायमचं कोण नेतं? मी तेव्हाच म्हटलं होतं, हा सांभाळायला दिलेला नाही, हा आपल्या गळ्यात मारलाय. त्यावर तू म्हणालीस, "तुमच्या तरी डोक्यावर कुठे केस आहेत, मी सांभाळतेच ना."

पाण्याच्या भांड्याचं तू फार मनाला लावून घेतलंस. मी ते काढून घेतलं नव्हतं, ओट्यावर ठेवलं होतं. बादलीभर पाणी प्यायचं आणि घरभर मुतत फिरायचं. मी दोनदा घसरलो. कंबर मोडली असती तर तुलाच निस्तरावं लागलं असतं. माझा विचार सरळ होता, पाणी कमी आत गेलं तर कमी बाहेर येईल. टाकीचं तसंच असतं. तू म्हणालीस, तहानेल्याचं पाणी तोडणाऱ्याशी मला बोलायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस. मुलीची पाठ हे निमित्त होतं अशी मला अजून शंका आहे. भांडं आता खाली आहे. भरलेलं असतं.

आजाराचं मला एव्हाना तोंडपाठ झालंय. आयुष्यभर कुशनं भरली आणि म्हातारपणी आजार भेटला तोही कुशिंग नावाचा. मेंदूखाली एक ग्रंथी, ती बिघडली की पोटातल्या दुसऱ्या ग्रंथींना सारखी चिथावते, आणि त्या अंगात नको तेवढा रस सोडत बसतात. म्हणून तहान, म्हणून भूक, म्हणून ती धाप, सुटलेलं पोट आणि वाळलेले पाय. बरा होत नाही म्हणे, आवरता येतो. रोज सकाळी खाण्याबरोबर एक गोळी. कमी पडली तर आजार वाढतो, जास्त झाली तर त्याहून वाईट, असं डॉक्टरीणबाईंनी तुझ्यादेखत बोट नाचवून सांगितलं होतं. मला तेव्हाही पटलं नव्हतं. जो इतका खातो-पितो तो आजारी कसा, आणि ज्या औषधाला डॉक्टरच भितात ते औषध कसलं? पण असो. गोळी मी रोज देतो. ती काळजी तू करू नकोस.

लिहायचं वेगळंच आहे. आपल्या घरात कुणीतरी येतं.

सकाळी मी दुकानात जाऊन बसतो. पुतण्याला आवडत नाही. दुकान आता त्याच्या हातात दिलंय तर म्हाताऱ्याने घरी बसावं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं, पण मी वाचता येत नसल्यासारखा बसतो. परत येतो तेव्हा घर सोडलं तसं नसतं. पायपुसणं सरळ केलेलं असतं. दिवाणचं भांडं घासलेलं असतं. मला सांग, कुठला चोर भांडी घासून जातो? चोरीला काही गेलेलं नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटते. आणि दिवाण, ज्याने मी आलो की भुकेने चप्पल खायला हवी, तो गादीवर पडून शांतपणे जिभल्या चाटत असतो.

तू कुणाला किल्ली दिली आहेस का? सरळ उत्तर दे.

तुझा मी


दि. २१ सप्टेंबर

मालकीणबाई,

उत्तर नाही. ठीक आहे. टपालाचं काही खरं नाही, असं मी स्वतःला सांगतो.

चोर सापडल्यात जमा आहे. आमचा कापड आखायचा खडू मी किसला, त्याची पूड उंबऱ्याच्या आत बारीक पसरली आणि दुकानात गेलो. परत येऊन बघतो तर पावलं. लहान, बायकी, सपाट चपलेची, डावी टाच झिजलेली. दारातून ओट्याकडे, ओट्याकडून थेट दिवाणच्या गादीकडे, तिथून परत दाराकडे. कुठे अडखळणं नाही, इकडेतिकडे बघणं नाही. घर पाठ असलेल्या माणसाची चाल.

मग मी जिन्यातल्या सगळ्या दारांबाहेरच्या चपला उलट्या करून पाहिल्या. खालच्या मजल्यावर, बरोबर आपल्याखाली, लायब्ररीवाल्या बाईंची चप्पल हातात असताना त्यांनी दार उघडलं. "भाऊ, काही हरवलं का?" म्हणाल्या. तुला त्यांचं बोलणं ठाऊक आहे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी शेजारी कुणी वाचत बसलंय अशा आवाजात बोलतात. मी म्हटलं, चष्म्याचा दोरा. डाव्या टाचेकडे बघितलं आणि चप्पल खाली ठेवली.

मला मोठ्याने भांडणाऱ्याची भीती वाटत नाही, भांडून झालं की तो घरी जातो. हळू बोलणाऱ्याचं काही सांगता येत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. आपली फरशी म्हणजे त्यांचं छत. दिवाणची नखं दिवसभर त्यांच्या डोक्यावर टकटक करतात, आणि मध्यंतरी त्याचं पाणी त्यांच्या भिंतीत उतरलंय, तो डाग त्यांनी तुला दाखवला होता. दिवाण नाहीसा झाला तर सुटका कुणाची होईल, तूच विचार कर. मी त्यांना अजून काही बोललेलो नाही. आधी पुरावा, मग तोंड.

तपासणीला नेऊन आणलं. तू तारीख लिहून दाराला चिकटवली होतीस, म्हणून नेलं, नाहीतर म्हणशील विसरलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजोबा, आज गोळी कधी दिली? मी म्हटलं, सकाळी, खाण्याबरोबर. त्यांनी रक्त काढलं, आत यंत्रात घातलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, वा, अगदी हवं तसं आहे, गोळी लागू पडली, अशीच चालू ठेवा. मी जे तोंडाने सांगितलं तेच त्यांच्या यंत्राने सांगितलं. म्हणजे हे लोक रक्त बघत नाहीत, माणसाचं तोंड बघतात आणि त्याला आवडेल ते सांगतात. हे तुला सांगून ठेवतो, कारण तुझा त्यांच्यावर फार विश्वास.

पण सुधारणा आहे, ती नाकारत नाही. पाणी निम्म्यावर आलंय. फरशी बहुतेक दिवस कोरडी असते. पाठीवर जिथे नुसती कातडी होती तिथे मखमलीसारखी लव उगवलीय. माझं म्हणणं होतंच की जनावराला त्याच्या गतीने सोडलं की ते आपोआप सुधारतं. गोळ्यांची बाटली कपाटात आहे तशी आहे. म्हणजे जपून ठेवली आहे.

त्याच्यासाठी नवी गादी शिवली. त्याची कातडी इतकी पातळ झालीय की साध्या शिवणीने निळं पडतं, म्हणून सगळी शिवण आत घेतली आणि चेन काढून टाकली. पुतण्या म्हणाला, काका, गिऱ्हाइकाला कधी एवढं सुबक काम दिलं नाहीत. मी म्हटलं, गिऱ्हाईक कधी शिवणीवर हनुवटी ठेवून झोपलं नाही. रेक्झिनचा तुकडा उरलेलाच होता, मुद्दाम कापला असं समजू नकोस.

किल्लीचं उत्तर दे.

तुझा मी


दि. ६ ऑक्टोबर

मालकीणबाई,

पुरावा मिळाला. गादी झटकताना खाली उकडलेल्या बटाट्याचा गोळा सापडला. लाडवासारखा वळलेला, मध्ये बोटाने खळगा पाडून परत बुजवलेला. आपल्या घरात मी बटाटा उकडलेला नाही. खळग्यात काय होतं ते दिवाणने चाटून घेतलं होतं, पण वास कडवट येत होता. निदान मला आला.

तुझ्या लायब्ररीवाल्या बाई माझ्या कुत्र्याला रोज थोडंथोडं काहीतरी घालताहेत. एकदम घातलं तर संशय येईल, म्हणून पुरवून पुरवून.

दारावर दुसरं कुलूप लावणार होतो. पण मग त्यांना कळेल की मला कळलंय, आणि त्या खिडकीतून टाकतील, जिन्यात टाकतील, फिरायला नेतो तिथे टाकतील. त्यापेक्षा मी वेगळा विचार केला. घरात औषध आहे. औषध विषाशीच भांडतं, दुसरं काय करतं? म्हणून गोळी मी आता माझ्या हाताने देतो, रोज सकाळी, दुकानात जाण्याआधी, ब्रेडच्या आत दाबून. तो जाडजूड जिभेने माझी बोटं चाटतो आणि अजून मागतो. पूर्वी एखादा दिवस इकडेतिकडे होत असेल, आता होत नाही. बाटली कपाटातून काढून माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवलीय, झोपतानाही. न जाणो, बाटलीतही कुणी काही मिसळायचं.

हे तू हसण्यावारी नेऊ नकोस. तुझं नि माझं काय असेल ते असेल. त्याने काही केलेलं नाही.

तुझा मी


दि. १८ ऑक्टोबर, दवाखान्याच्या बाकावरून

कागद यांच्याकडूनच मागून घेतला, वर मांजराचं चित्र आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस. अक्षर वाकडं आहे. दिवाण आत आहे. पायात सुई लावलीय, नळीतून पाणी चाललंय. वाचेल की नाही, हे अजून कुणी धड सांगत नाही.

क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच समजणार नाही.

आठवड्यापासून त्याचं खाणं कमी झालं होतं. आधी मला बरं वाटलं, म्हटलं हाव गेली, शहाणा झाला. मग ओकू लागला. मग नुसता पडून राहू लागला, मी आत आलो तरी मान उचलेना. आज सकाळी फिरायला न्यायला उठवलं तर मागचे पाय थरथरले आणि दोन्हीकडे फाकले, जुन्या कोचाचे पाय निखळतात तसे. डोळे उघडे, पण बघत नव्हता. मी समजलो, विष लागलं. कोचावर घालायचा मोठा कव्हरचा कपडा होता, त्यात गुंडाळला आणि उचलला. जिन्यात श्वास लागला म्हणून लायब्ररीवाल्या बाईंच्या दारात टेकलो. त्यांनी दार उघडलं, एकदा दिवाणकडे पाहिलं, आणि तशाच घरच्या कपड्यांत त्या कपड्याचं दुसरं टोक धरून खाली उतरल्या. मी मनात म्हटलं, बघा, काम झालं का ते बघायला आली. मी त्यांना टोक सोडा असंही म्हटलं. त्यांनी सोडलं नाही. सोडलं असतं तर तो पायरीवर आपटला असता, तेवढं मान्य करतो.

इथे आल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हिरड्या दाबून पाहिल्या आणि विचारलं, काय खाल्लंय. मी सगळ्यांसमोर बोट दाखवलं. माणसं होती, एक बाई मांजर घेऊन बसली होती, तीही ऐकत होती.

"या रोज माझ्या घरात चोरून शिरतात आणि याला विष घालतात. बटाट्यातून. माझ्याकडे पुरावा आहे."

लायब्ररीवाल्या बाई पांढऱ्या पडल्या. मग नेहमीच्या त्या आवाजात म्हणाल्या, "विष नाही, भाऊ. गोळी. वहिनी जाताना मला किल्ली आणि गोळ्यांची वेगळी बाटली देऊन गेल्या. म्हणाल्या, ते देणार नाहीत, तू देत जा."

डॉक्टरीणबाईंचा हात तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आजोबा, आणि तुम्ही?"

मी खिशातली बाटली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. बाटलीतून खुळखुळ आवाज आला, तेवढंच.

पुढचं तुला समजलंच असेल. सकाळी एक गोळी माझी ब्रेडमधून. मी दुकानात गेलो की एक त्यांची बटाट्यातून. अंगातला जो रस जास्त होता तो दोन गोळ्यांनी पार आटवला. आता उलट तोच रस सुईतून द्यावा लागतोय. दोन स्वयंपाकिणींनी मीठ घातलं तर भाजी टाकून तरी देता येते.

मी त्यांना बाकावर बसल्यावर विचारलं, मी देत होतो हे मालकीणबाईंना तर मी लिहिलं होतं. तिने तुम्हाला सांगितलं नाही? बाईंनी जे सांगितलं ते तसंच लिहितो, तू खोटं असेल तर खोडून काढ. माझं पहिलं पत्र आलं तेव्हा तू त्यांना फोन केलास. हे लिहितात की गोळी रोज देतात, बघून सांग. त्यांनी वर येऊन आपलं कपाट उघडून पाहिलं. बाटलीचं बूच फोडलेलंही नव्हतं. तू म्हणालीस, वाटलंच होतं, तूच देत राहा. मग तिसरं पत्र आलं. तू पुन्हा फोन केलास. या वेळी बाटली कपाटात नव्हती, माझ्या खिशात होती. बाईंनी तुला तेच सांगितलं, बाटली दिसत नाही. आणि तू म्हणालीस, फेकून दिली असेल.

म्हणजे पहिल्या पत्रात मी थाप मारली ती तुला लगेच कळली, आणि तिसऱ्यात खरं लिहिलं ते तुला थापच वाटलं. मी यात तुला दोष देतोय असं नाही. देतोय थोडा. किल्लीचं दोनदा विचारलं होतं. एका ओळीचं उत्तर आलं असतं तर मी बटाट्याला विष समजलो नसतो आणि विषावर गोळी दिली नसती. पण तू उत्तर दिलं असतंस तर मी किल्ली काढून घेतली असती, आणि मग बाईंचीही गोळी बंद, माझीही बंद. तेही खरं.

आणि ते यंत्र खरं सांगत होतं. मी सोडून सगळे खरं सांगत होते. हे लिहिताना फार कडू लागतंय.

बाई शेजारीच बसल्या आहेत. मी त्यांना घरी जा म्हटलं, त्या म्हणाल्या, तुम्ही जा. कुणीच जात नाही.


दि. २४ ऑक्टोबर

मालकीणबाई,

दिवाण घरी आला. मी त्याला उचलून आणणार होतो, पण फाटकापाशी तो धडपडून उठला आणि चार पायांवर आत शिरला. जिना मात्र आम्ही दोघांनी मिळून चढवला, मी पुढून आणि बाई मागून. मधल्या वळणावर बाईंना हसू आलं. म्हणाल्या, भाऊ, कोच असाच चढवता का हो? मी म्हटलं, कोच चढवताना खालच्या बाजूला मजूर असतो, त्याला बोलायची परवानगी नसते. मग आम्ही दोघंही हसलो. नंतर मला वाटलं, या इतक्या लवकर कशा हसल्या. मी चारचौघांत त्यांना विष घालणारी म्हटलंय. त्यांच्या जागी मी असतो तर जन्मभर बोललो नसतो. अजूनही त्यांच्या मनात काय आहे ते मला नक्की माहीत नाही. सवय आहे, जायला वेळ लागेल.

तो खातो थोडं. पाणी पितो, फार नाही. दुपारी माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून उभ्या उभ्या डुलक्या घेतो. मी हलत नाही, पायाला मुंग्या आल्या तरी.

आता जे लिहितोय ते नीट वाच, दोनदा वाच. जावयांकडून मोठ्याने वाचून घेतलंस तरी चालेल.

सध्या गोळी पूर्ण बंद आहे. पण ती कायमची बंद ठेवता येणार नाही, नाहीतर आजार परत उसळेल, आणि या वेळी त्याच्या अंगात सोसायची ताकद नाही. पुढच्या आठवड्यात रक्त तपासून लहान गोळी सुरू करायची आहे. डॉक्टरीणबाईंची एकच अट आहे, हात एक पाहिजे. संस्थेच्या बाईंचाही फोन आला. ओरडल्या नाहीत, त्यामुळे मी जास्त घाबरलो. म्हणाल्या, काका, तुमच्या घरात कोण देणार ते ठरवून मला कळवा. ठरत नसेल तर मी त्याला परत नेते, पिंजऱ्यात का होईना, गोळी तरी वेळेवर मिळेल. पिंजऱ्याची फरशी सिमेंटची असते. मी विचारलं, गादी बरोबर देता येईल का. त्या म्हणाल्या, सगळे पिंजरे रोज पाणी मारून एकत्र धुतात, तिथे गादी टिकत नाही.

मग मी आणि बाई ठरवायला बसलो. मी म्हटलं, तुम्ही द्या, तुमच्या हाताने तो सुधारला होता. त्या म्हणाल्या, माझे हात कापतात आता, मी त्याला मारता मारता वाचले, तुम्ही द्या. मी म्हटलं, माझ्यावर माझ्या बायकोचा विश्वास नाही तर माझा कसा असेल? त्यांनी आपली बाटली माझ्यापुढे सरकवली. मी ती त्यांच्याकडे सरकवली. दोन्ही बाटल्या आता टेबलाच्या मधोमध आहेत आणि त्यांना कुणी शिवत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मागच्या खेपेला या पाहुण्याला दोन्ही घरांनी वाढलं आणि तो मरता मरता वाचला, आता दोन्ही घरं एकमेकांकडे बोट दाखवताहेत. सकाळ होईल, मी म्हणेन बाई देतील, बाई म्हणतील भाऊंनी दिली असेल, आणि दिवाण आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत बसेल.

त्या म्हणतात, वहिनी सांगतील तसं. मीही तेच म्हणतो. पहिल्यांदाच आमचं कशावर तरी एकमत झालंय.

म्हणून तूच सांग. बाईंचं नाव लिहिलंस तर किल्ली त्यांच्याकडेच राहील, मी सकाळी बाटलीकडे बघणारही नाही, आणि रुसणार नाही. म्हणजे रुसेन, पण दुकानात जाऊन. माझं लिहिलंस तर मी रोज बाईंच्या समोर देईन, त्यांना वर बोलावून, त्यांनी पाहिलं नाही तर दिलीच नाही असं धरायचं. मला ते लाजिरवाणं वाटणार नाही. थोडं वाटेल.

आणि समजा तुला यातलं कुणाचंच नाव लिहावंसं वाटलं नाही, आपल्याच हाताने द्यावीशी वाटली, तर कुठल्या गाडीने निघतेस तेवढं कळव. स्टेशनवर न्यायला येईन. पाण्याच्या भांड्याबद्दल एक अक्षरही बोलणार नाही, तू बोललीस तर ऐकून घेईन.

फोनवर येणार असशील तर ये, जावई खाकरले तरी मी बोलेन. पण काहीतरी कळव, आणि रक्त तपासायच्या आत कळव. नुसतं एक नाव लिहिलंस तरी पुरे. बाकी पत्र कोरं पाठव.

तुझा मी